फवारणी करणाऱ्या मजुरास विषबाधा झाली असता

कारखान्यात, खाणीत किंवा इमारतीच्या बांधकामावर राबणाऱ्या माणसास कामावर असताना इजा होऊ शकते, ही गोष्ट सर्वमान्य आहे. तेथे मुकादम असतो, औषधांची पेटी भिंतीला टांगलेली असते, आणि निदान कागदावर तरी कोणी एक जबाबदार धरलेला असतो. शेत मात्र आपण असे धोक्याचे ठिकाण मानीत नाही. शेत ही आपली रोजची जागा. तेथे भीती बाळगावयाची ती सापाची, विजेची आणि विहिरीची. परंतु ज्या दिवशी कपाशीवर, तुरीवर किंवा भाजीपाल्यावर कीटकनाशकाचा फवारा सुरू होतो, त्या दिवशी तेच शेत रासायनिक कारखान्याइतके धोक्याचे होते. आणि त्या कारखान्याचा मालक म्हणजे शेतकरी स्वतः असतो. या लेखात फवारणीच्या वेळी होणारी विषबाधा कशी घडते, ती कशी ओळखावी, आणि पहिल्या तासात व त्यानंतर काय करावे, याचा विचार केला आहे. किडींच्या नियंत्रणाची माहिती या पत्रिकेत वेळोवेळी येत असते, म्हणून ती येथे पुन्हा दिलेली नाही.

आपल्या देशात कीटकनाशकांचा कायदा झाला, तोच मुळी एका दुर्घटनेमुळे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक जहाजातून आणलेल्या अन्नपदार्थांत मिसळले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाच्या शिफारशींतून पुढे १९६८ चा कीटकनाशके अधिनियम आणि १९७१ चे नियम तयार झाले. बाटलीवर दिसणारा चौकोन, त्यातील लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण, सोबतचे माहितीपत्रक व त्यावरील उताऱ्याचे नाव ही सर्व त्या नियमांची देणगी आहे. कायदा होऊन अर्धशतक लोटले, तरी २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. राज्यशासनाने त्या प्रकरणी विशेष तपास पथक नेमले. त्या माणसांनी विष प्राशन केले नव्हते. ती कामावर गेली होती.

विष शरीरात कोणत्या वाटेने जाते

विषबाधा म्हटली की विष तोंडावाटे पोटात गेले असावे, असे आपण धरून चालतो. म्हणून फवारणी करणारा मजूर नाकातोंडाला दुपट्टा बांधतो आणि आपण सुरक्षित झालो असे समजतो. वस्तुतः फवारणीत सर्वांत अधिक विष कातडीवाटे आत जाते. आपल्याकडील पुष्कळ कीटकनाशके तेलकट द्रावणात विरघळविलेली असतात, आणि असे द्रावण कातडीतून सहज आत झिरपते. त्यास जखम लागत नाही, खरचटणेही लागत नाही. शिवाय ते झोंबत नाही. झोंबले असते तर मजुराने तत्काळ धुतले असते.

शरीराच्या सर्व भागांची कातडी सारखी नसते. पॅराथिऑनवर केलेले व १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग असे दाखवितात की, हाताच्या पुढच्या भागातून जेवढे विष आत जाते, त्याच्या सुमारे चौपट डोक्याच्या व कपाळाच्या कातडीतून जाते, कानाच्या आतून पाचपटीहून अधिक जाते, आणि पुरुषाच्या वृषणावरील कातडीतून अकरा-बारा पट जाते. हे शेवटचे वाक्य वाचून संकोच वाटण्याचे कारण नाही. पाठीवरचा पंप गळत असेल, तर ते पाणी पाठीवरून कमरेखाली उतरते व आतल्या कपड्यांत साठून राहते. सबंध दिवस ओल्या विजारीत वावरणाऱ्या मजुराच्या शरीरात विष जाण्याची ही सर्वांत मोठी वाट आहे, आणि ती दुपट्ट्याने बंद होत नाही.

नाकावरच्या त्या दुपट्ट्याविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. अर्ध्या तासात तो फवाऱ्याने ओला होतो. मग विष गाळण्याऐवजी ते ओठांशी धरून ठेवण्याचे काम तो करतो. मुखपट्टी वापरावयाची तर ती या कामासाठी बनविलेली असावी, आणि ओली झाली की बदलावी.

तोंडावाटेही विष जाते, पण निराळ्या रीतीने. नोझल तुंबली की मजूर ती तोंडाने फुंकतो. हात न धुता विडी ओढतो. विदर्भात तर खर्रा घोटून तोच हात तोंडात जातो. तंबाखू, चुना आणि सुपारी यांच्याबरोबर कीटकनाशकही गालात धरले जाते आणि तेथून ते सावकाश रक्तात उतरते. फवारणी चालू असताना खर्रा आणि विडी धुऱ्यावर ठेवावी, इतकेच नव्हे तर ती औषधाच्या पिशवीत ठेवू नये.

२०१७ साली इतक्या लोकांना एकाच हंगामात बाधा का झाली, हे यावरून समजेल. त्या वर्षी पुष्कळ ठिकाणी कपाशी पुरुषभर उंच वाढली होती. गुडघ्याएवढ्या पिकावर फवारा मारताना तो पायांपुढे पडतो. डोक्याएवढ्या पिकावर तो वर धरून मारावा लागतो आणि तोच कपाळावर, मानेवर, डोळ्यांत परत येतो. दाटलेल्या ओळींतून चालताना भिजलेली पाने अंगाला पुसली जातात. किडीचा उपद्रव वाढल्यामुळे फवारण्यांची संख्या वाढली, दोन-तीन औषधे एकत्र मिसळली गेली. उष्ण व दमट हवेत अंगावर कपडा सोसवेना, आणि घामाने भिजलेली कातडी विष अधिक लवकर शोषून घेत होती. बॅटरीवर चालणाऱ्या काही पंपांचा फवारा इतका बारीक असतो की तो धुक्याप्रमाणे हवेत तरंगत राहतो. यांपैकी एकेक कारण कदाचित सोसले गेले असते. ती सर्व एकत्र आली.

कामास लागण्यापूर्वी

फवारणी करणे अपरिहार्य आहे काय, हा पहिला प्रश्न. तो या लेखाचा विषय नाही, तरी जी फवारणी केलीच नाही तिच्यापासून कोणास बाधा होत नाही, हे ध्यानात ठेवावे. कपाशी फार उंच जात असेल तर वेळीच शेंडे खुडावेत. त्याने बोंडे भरतात आणि फवारा डोक्याच्या खाली राहतो. पीक डोक्यावर गेले असेल, तर त्यात माणूस घालून फवारणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या अवस्थेत वाचणाऱ्या बोंडांची किंमत काहीही असो.

मजुरी ठरविताना एक गोष्ट पाहावी. पुष्कळ गावांत फवारणीची मजुरी पंपावारी ठरते. जितके पंप अधिक, तितके पैसे अधिक. मग मजूर सकाळी लागतो तो भर दुपारच्या उन्हातही थांबत नाही, हात धुण्यास वेळ दवडत नाही, गळणारा पंप दुरुस्त करीत नाही, आणि वाऱ्याची दिशा पाहत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण त्याला घाईचे पैसे देत असतो. रोजावर मजुरी ठरवून सकाळी ऊन चढेपर्यंत आणि दुपारनंतर ऊन कलल्यावर काम घेतले, तर खर्चात पडणारा फरक थोडा असतो. एकाच माणसाला ओळीने अनेक दिवस फवारणीस लावू नये. विष थोडे थोडे साठत जाते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी, नेहमीइतकेच काम करीत असताना, माणूस खाली बसतो.

संरक्षक कपड्यांची यादी बाटलीसोबतच्या पत्रकात असते, ती येथे देत नाही. रबरी कोट ऑगस्टच्या उकाड्यात कोणी दिवसभर घालीत नाही, हेही मी जाणतो. तेव्हा निदान इतके असावे: जाड सुती पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार, डोके व मान झाकणारी टोपी, डोळ्यांवर चष्मा किंवा चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, रबरी हातमोजे व गमबूट. पाठीवर, पंप आणि सदरा यांच्या मध्ये, खताच्या पिशवीचा धुतलेला प्लॅस्टिकचा तुकडा बांधला तरी गळतीपासून बराच बचाव होतो. विजार गमबुटांच्या बाहेर सोडावी. आत खोचली तर बूट विषाने भरतो. हातमोजे कापडी घेऊ नयेत. फवारा वरच्या दिशेने मारावयाचा असेल तर सदऱ्याची बाही मोज्याच्या आत असावी आणि मोज्याची कड उलटून ठेवावी, म्हणजे ओघळ कोपराकडे उतरत नाही. खाली मारताना याच्या उलट करावे.

सर्वांत धोक्याचा क्षण फवारणीचा नव्हे, मिश्रण करण्याचा असतो. पंपातील पाण्यात विष थोडे असते. बाटलीत ते शुद्ध, दाट असते. त्या दाट औषधाचा एक चमचा मांडीवर सांडणे आणि पंपभर फवारा अंगावर येणे या दोहोंत पहिले अधिक वाईट ठरू शकते. आणि पुष्कळ घरांतून मिश्रण करण्याचे व पाणी आणण्याचे काम स्त्रियांकडे व मुलांकडे असते, कारण ते हलके काम समजले जाते. मुलांना तेथे येऊ देऊ नये. मिश्रण काठीने ढवळावे, हाताने कधीही नाही. मोजमाप झाकणाने किंवा मापाने करावे आणि ते माप घरात परत नेऊ नये. दोन औषधे एकत्र करावयाची असतील, तर त्यास कृषी विद्यापीठाची किंवा लेबलाची शिफारस आहे काय हे पाहावे. दुकानदाराचे सांगणे म्हणजे शिफारस नव्हे.

शेतावर जाताना जशी भाकरी नेतो, तसेच फवारणीच्या दिवशी दोन हंडे स्वच्छ पाणी, साबणाची वडी आणि एक कोरडा कपड्यांचा जोड धुऱ्यावर नेऊन ठेवावा. हा सर्व खर्च एका बाटलीच्या किमतीपेक्षा कमी आहे. पुढे सांगितलेले सारे प्रथमोपचार या पाण्यावर अवलंबून आहेत.

बाधा कशी ओळखावी

कीटकनाशकांचे गट अनेक आहेत व प्रत्येकाची लक्षणे सारखी नसतात. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधे माणसास सर्वांत अधिक घातक ठरली आहेत, म्हणून त्यांचे कार्य समजून घ्यावे. आपल्या शरीरात मज्जातंतू स्नायूंना व ग्रंथींना जो निरोप देतात, तो एका रसायनाच्या द्वारे देतात. निरोप पोहोचला की ते रसायन कोलिनएस्टरेज नावाचे द्रव्य तत्काळ मोडून टाकते, म्हणजे पुढचा निरोप घेता येतो. हे विष त्या मोडणाऱ्या द्रव्यालाच निकामी करते. मग एकदा दिलेला निरोप थांबतच नाही. घामाच्या ग्रंथी घाम गाळीतच राहतात, लाळ वाहतच राहते, डोळ्यांतून पाणी येते, पोटात कळा येऊन ओकाऱ्या व जुलाब होतात, छातीत कफ दाटतो, अंगावरचे स्नायू आपोआप फडफडू लागतात, आणि शेवटी थकून बंद पडतात. श्वासाचे स्नायू बंद पडले की मृत्यू येतो.

सुरुवात मात्र साधी असते: डोके दुखणे, मळमळ, चक्कर, अंधुक दिसणे, अंगात त्राण नसणे. ऑक्टोबरच्या उन्हात हीच लक्षणे उष्म्यानेही होतात, आणि "ऊन लागले" असे म्हणून मजुराला झाडाखाली निजविले जाते व कांद्याचा रस पाजला जातो. तेथे दोन मौल्यवान तास जातात. ओळखण्याची एक खूण कोणासही पाहता येते. सावलीत नेऊन रोग्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहाव्यात. सावलीत बाहुली मोठी व्हावयास हवी. या विषाने ती टाचणीच्या टोकाएवढी बारीक होऊन राहते. त्यासोबत तोंडाला लाळ आणि अंगाला भरमसाट घाम असेल तर शंका ठेवू नये. मात्र बाहुली बारीक नाही म्हणून विषबाधा नाही असे उलट अनुमान काढू नये. ती खूण प्रत्येक रोग्यात व प्रत्येक औषधात सापडत नाही. सायपरमेथ्रिनसारख्या औषधाने चेहऱ्याला मुंग्या येतात व कातडी जळजळते. काहींत दृष्टी मंद होते. नियम एवढाच की, फवारणी करताना किंवा त्यानंतर चोवीस तासांत माणूस आजारी पडला, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ती विषबाधा समजावी.

पहिला तास

मजुराने "बरे वाटत नाही" म्हणताच काम थांबवावे. त्याला फवारलेल्या पिकातून बाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूस न्यावे. जो मदतीस जाईल त्याने आधी हातमोजे घालावेत. मोजे नसतील तर हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. रोग्याच्या कपड्यांवरील विष वाचविणाऱ्याला बाधल्याची उदाहरणे आहेत.

नंतर कपडे काढावेत, सर्व कपडे. चारचौघांत लाज वाटते म्हणून विजार तशीच राहू देतात, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत विष आत जातच राहते. आडोशाला धोतर किंवा चादर धरावी, स्त्री असेल तर स्त्रियांनी धरावी, पण ओले वस्त्र अंगावर ठेवू नये. चामड्याचा पट्टा व चप्पल काढून टाकावी. चामड्यात मुरलेले विष धुतल्याने जात नाही, ती पुन्हा वापरू नये. मग साबण व भरपूर पाणी यांनी डोक्यापासून पायांपर्यंत पंधरा-वीस मिनिटे धुवावे. केस, कानांच्या मागे, काखा, जांघा आणि नखांच्या आत विशेष लक्ष द्यावे. घासताना दगड किंवा काथ्या वापरू नये, कातडी सोलली तर उलट वाट मोकळी होते. रॉकेल वा डिझेलने धुणे हा तर घातक प्रकार आहे. डोळ्यांत औषध गेले असेल तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची संथ धार पंधरा मिनिटे सोडावी. डोळा चोळू नये, त्यात घरगुती औषध घालू नये.

एक माणूस धूत असताना दुसऱ्याने १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. वाहन येईपर्यंत धुणे थांबवू नये. मात्र वाहन आले की, किंवा रोग्याचा श्वास घरघरू लागला की, उरलेले धुणे सोडून निघावे.

ओकारी करविण्यासाठी मिठाचे पाणी पाजणे, घशात बोट घालणे, दूध, तूप किंवा एरंडेल पाजणे यांपैकी काहीही करू नये. अर्धवट शुद्धीतल्या माणसाची ओकारी श्वासनलिकेत जाते. विष पातळ करणारे म्हणून दूध पाजण्याची समजूत फार जुनी आहे. कातडीवाटे गेलेल्या विषावर पोटातले दूध काय करणार? रोगी शुद्धीवर नसेल तर त्याला डाव्या कुशीवर, मान किंचित मागे करून निजवावे, तोंडातील लाळ व ओकारी पुसून काढावी. झटके येत असतील तर तोंडात चमचा, लाकूड किंवा कांदा कोंबू नये. श्वास बंद पडल्यास ज्याने तसे शिक्षण घेतले आहे त्याने कृत्रिम श्वास द्यावा, परंतु तोंडाला तोंड लावण्यापूर्वी रोग्याचे तोंड धुऊन मध्ये अडसर ठेवावा.

आणि बाटली सोबत न्यावी. ही गोष्ट नेहमी विसरली जाते. बाटली नसेल तर लेबल, तेही नसेल तर त्याचे भ्रमणध्वनीवर घेतलेले छायाचित्र. सेंद्रिय फॉस्फरस गटाच्या विषावर अ‍ॅट्रोपीन हा उतारा आहे व त्यासोबत प्रॅलिडॉक्झिम दिले जाते. दुसऱ्या अनेक औषधांना विशिष्ट उतारा नाही, तेथे लक्षणांप्रमाणे उपचार करावा लागतो. पॅराक्वाट या तणनाशकाच्या बाबतीत तर रोग्यास गरज नसताना प्राणवायू दिल्यास फुप्फुसांस अपायच होतो. "कपाशीचे औषध होते, पांढरी बाटली होती" एवढ्या माहितीवर डॉक्टर काय ठरवील? एकाच पंपात तीन औषधे मिसळली असतील तर तिन्ही सांगावीत, त्यात लपवाछपवी करू नये. २०२० च्या अखेरीपर्यंत बंदी आलेली फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस अशी जुनी औषधे एखाद्या माळ्यावर उरलेली असतात; ती वापरली असल्यास दंडाच्या भीतीने नाव दडविणे म्हणजे रोग्याचा जीव पणास लावणे होय. डॉक्टरांना सल्ला हवा असल्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एक काम करून ठेवावे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन अ‍ॅट्रोपीन किती आहे आणि रात्री डॉक्टर असतो किंवा कसे, हे विचारावे. नसेल तर कोणत्या रुग्णालयात थेट जावयाचे ते गावात सांगून ठेवावे. हा प्रश्न जुलैत विचारला तर त्याचा उपयोग आहे.

रुग्णालयात आणि त्यानंतर

अ‍ॅट्रोपीन दिल्यावर रोग्याचे तोंड कोरडे पडते, चेहरा लाल होतो, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी जलद चालते, आणि कधी कधी तो बरळू लागतो. हे पाहून नातेवाईक घाबरतात, उपचार चुकला असे समजून रोग्यास दुसरीकडे हलविण्याची घाई करतात. तोंड व छाती कोरडी होणे हे औषध लागू पडल्याचे चिन्ह असते; बरळणे वाढले तर डॉक्टरांना सांगावे, ते मात्रा कमी करतील. रोग्यास उठवून नेऊ नये.

याहून मोठी चूक दुसऱ्या दिवशी होते. रोगी शुद्धीवर आला, चहा प्याला, बोलू लागला, की त्याला घरी नेण्याचा आग्रह होतो; वेचणी पडलेली असते, सोबत बसणाऱ्याची मजुरी बुडत असते. परंतु या विषात एक ते चार दिवसांच्या अवधीत, सर्व लक्षणे ओसरल्यासारखी वाटत असताना, मानेचे, दंडांचे व श्वासाचे स्नायू एकाएकी लुळे पडू शकतात. त्याची पहिली खूण अशी की रोग्याला उशीवरून मान उचलता येत नाही. रुग्णालयात हे घडले तर यंत्राने श्वास देऊन माणूस वाचतो. घरी घडले तर वाचत नाही. तेव्हा डॉक्टर सांगतील तोपर्यंत, मग ते पाच दिवस असोत, रोग्यास तेथेच ठेवावे. आणि सोबत बसणाऱ्याने सकाळ-संध्याकाळ त्याला मान उचलावयास सांगून पाहावे.

घरी आल्यावर माणूस बरा दिसतो, पण निकामी झालेले ते द्रव्य रक्तात पुन्हा पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. या काळात पूर्वी सोसलेल्याहून थोडे विषही त्याला पुरेसे होते. म्हणून त्या हंगामात त्याला पुन्हा फवारणीस लावू नये, मिश्रणास लावू नये, आणि नुकत्याच फवारलेल्या शेतात निंदणीस किंवा वेचणीसही पाठवू नये. सालदार असेल तर त्याला गुरांचे, गोठ्याचे, ओलिताचे काम द्यावे. रोजंदार असेल तर त्याचा रोज बुडणार, आणि तो दुसऱ्याच्या शेतावर फवारणीस जाणार, हे उघड आहे. गावात चार शेतकऱ्यांनी ठरविले तर त्याला दुसरे काम मिळू शकते.

आता कागदांविषयी. राज्यशासनाच्या २०२३ पासून चालू झालेल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेल्या विषबाधेचा समावेश आहे. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये वारसास मिळतात. प्रस्ताव तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावयाचा असतो. त्यासाठी सातबारा, रुग्णालयाची कागदपत्रे, पोलिसांचा पंचनामा इत्यादी लागतात. म्हणून दाखल करतेवेळीच रुग्णालयातील नोंदीत "फवारणी करताना विषबाधा" असे स्पष्ट लिहिले गेले पाहावे. घाईत नुसते "विष" एवढेच लिहिले गेले, तर पुढे ते आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रकरण समजले जाते आणि कुटुंबास ते खोडून काढणे जड जाते. औषधाची खरेदीपावती व बाटली जपून ठेवावी.

परंतु ही योजना सातबारावर नाव असलेल्या खातेदारासाठी व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. पाठीवर पंप घेणारा माणूस बहुधा भूमिहीन असतो, आणि तो तीत बसत नाही. त्याच्या बाबतीत कार्यकर्त्याने निदान एवढे करावे की, कोणाच्या शेतावर, कोणत्या तारखेस, कोणते औषध फवारीत असताना त्याला बाधा झाली याची नोंद त्याच दिवशी स्वतःच्या दैनंदिनीत घ्यावी, पंचनाम्यात मजूर म्हणून त्याचा उल्लेख होतो की नाही हे पाहावे, आणि त्या नोंदीची एक प्रत त्याच्या घरी द्यावी. शेतमालकाने औषधोपचाराचा व जाण्यायेण्याचा खर्च स्वतः सोसावा आणि रुग्णालयात घालविलेल्या दिवसांचा रोज द्यावा.